नाणेघाटाच्या वाटेचे दुसरे टोक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला पत्र धाडले, त्यात विषय स्पष्ट नेमून दिला होता : अलेक्झांड्रिया शहर व त्याचा समुद्रकिनारा, जाणाऱ्यांस उपयुक्त माहिती. हे पत्र माझ्या एका स्नेह्यांच्या हाती पडले तेव्हा ते हसले. म्हणाले, "मुरबाड तालुक्यातल्या माणसांना इजिप्तची वाट कशाला सांगता? त्यांना कल्याणची एस. टी. वेळेवर मिळाली तरी पुष्कळ!" मी त्यांना एवढेच म्हटले की, मुरबाड तालुक्यातल्या माणसांना ती वाट दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. ती त्यांच्या दारावरून जात होती.

आपल्यापैकी बहुतेकांनी नाणेघाट पाहिला असेल. वैशाखऱ्याच्या पुढे मोठा रस्ता सोडायचा, रानातून चढायला लागायचे, आणि दोनतीन तासांत त्या खिंडीच्या तोंडाशी पोचायचे. पाण्याची टाकी, तो दगडी रांजण, आणि ती लेणी. लेण्याच्या भिंतींवर सातवाहनांच्या राणीचा ब्राह्मी लेख आहे. तिने व तिच्या पतीने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची त्यात मोजदाद आहे : इतक्या गाई, इतके घोडे, इतके हत्ती, इतके कार्षापण. मागच्या भिंतीवर राजकुळातल्या माणसांचे पुतळे होते. त्यांची नावे राहिली, पावले राहिली, बाकी सारे गेले. हा घाट जुन्नर-पैठणचा माल कोकणात उतरवण्याचा होता. माल येथून खाली येई तो कल्याणास आणि सोपाऱ्यास जाई, आणि तेथून गलबतात चढे. त्या गलबतांचा माल अखेर जेथे जाऊन पोचे, ते शहर म्हणजे अलेक्झांड्रिया.

हे मी पदरचे सांगत नाही. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने दर्यावर्दी लोकांसाठी एक टिपण लिहून ठेवले आहे. पेरिप्लस या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात सुप्पारा आहे, कल्लिएना आहे. म्हणजे आपले सोपारे व आपले कल्याण. त्याला प्रवासी मार्गदर्शकच म्हणा ना! कोणत्या बंदरात काय मिळते, कोठे खडक आहेत, कोठला राजा कसा आहे, सारे त्यात आहे. कल्याणविषयी तो काय म्हणतो ऐका. थोरल्या सरगनसच्या काळी, म्हणजे बहुधा सातकर्णीच्या काळी, हे राजमान्य बंदर झाले होते. परंतु ते संदनस याच्या हाती गेल्यापासून तेथला व्यापार आवळला गेला, आणि एखादे ग्रीक गलबत चुकून तेथे आलेच तर ते पहाऱ्यात घालून भरुचला नेतात. जकातीची भांडणे आजचीच नाहीत, श्रोतेहो. वर घाटात तो रांजण आहे आणि खाली बंदरात हा पहारा!

तेव्हा ही माणसे येत कशी? अलेक्झांड्रियाहून नाईल नदीने उलटे दक्षिणेकडे कॉप्टॉसपर्यंत १२ दिवस. तेथून उंटावरून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरापर्यंत आणखी १२ दिवस; हा हिशेब प्लिनीने दिला आहे. मग जुलैच्या सुमारास शिडे सोडायची आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर हिंदुस्थानचा किनारा गाठायचा. परत फिरायचे ते वारा उलटला की, मार्गशीर्ष-पौषात. ज्या पावसाची आपण भातलावणीसाठी वाट पाहतो, त्याच्याच पाठीवर बसून हे लोक येत. बेरेनिके येथे उत्खनन चालू आहे. तेथे हिंदी सागवान सापडले आहे, साडेसात किलो काळी मिरी भरलेला रांजण सापडला आहे, आणि २०२३ साली जाहीर झाले त्याप्रमाणे एक बुद्धमूर्ती व सातवाहनांची दोन नाणीही सापडली आहेत. ते सागवान कोठल्या रानातले, हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून मीही ते आपल्या माळशेजचे असे म्हणत नाही. पण सातवाहनांचे नाणे तेथे वाळूत निघाले, एवढे मात्र नाणेघाटाखाली राहणाऱ्या माणसाने ध्यानात ठेवायला हरकत नाही.

आता आजच्या प्रवासाकडे वळू. मुंबईहून कैरोस थेट विमान जाते. व्हिसा आधी काढावा लागतो; त्याचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून वकिलातीतच चौकशी करावी, शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. सहल काढणाऱ्या कंपन्या पिरॅमिड आणि लक्सरला चार दिवस देतात व अलेक्झांड्रियाला एक. सकाळी कैरोहून मोटारीने न्यायचे, किल्ला दाखवायचा, मासळी खाऊ घालायची आणि रात्री परत. माझे सांगणे असे की, हा एक दिवस घेऊ नका. तीन घ्या, नाहीतर जाऊच नका.

कैरोच्या रामसेस स्थानकावरून आगगाडीने जावे. अंतर सुमारे २०८ किलोमीटर, अडीचतीन तासांचे. ठाणे जिल्ह्याच्या माणसाला या रुळांविषयी थोडे ममत्व वाटले पाहिजे. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली धावली, आणि अलेक्झांड्रियाहून निघालेली लोहमार्गाची पहिली वाट १८५४ साली खुली झाली. त्याच साली आपल्या कल्याणास गाडी आली. बाकी गाडीतून दिसतो तो नाईलच्या त्रिभुज प्रदेशातला शेतीचा सपाट मुलूख. डोंगर नावालाही नाही. आपल्या माणसाला त्या सपाटीचा दोन तासांत कंटाळा येतो, हेही सांगून ठेवतो. शहरात स्थानके दोन आहेत. सिदी गाबर आधी लागते, मिस्र स्थानक शेवटी. आपला मुक्काम कोठे आहे ते पाहून उतरावे. नाहीतर जितके गाडीभाडे तितकेच टॅक्सीला घालवावे लागेल. तेथल्या टॅक्सी काळ्या-पिवळ्या आहेत, अगदी मुंबईसारख्या. पण मुंबईसारखा मीटरवर भरवसा ठेवू नये. बसण्यापूर्वी भाडे ठरवावे, आणि ठरलेले भाडे बोटांवर मोजून दोघांनीही कबूल करावे.

पैशांचा विषय निघाला म्हणून सांगतो. धसईने २०१६ साली रोखीवाचून व्यवहार करणारे गाव म्हणून महाराष्ट्रात नाव मिळवले. तेथे मात्र या कीर्तीचा काही उपयोग नाही! खिशात सुट्या नोटा पाहिजेत. बक्षीस हा शब्द आपलाच आहे, तोच तेथे दर वळणावर ऐकू येतो : दार उघडणारा, जोडे सांभाळणारा, न विचारता वाट दाखवणारा. रागावून उपयोग नाही. थोडे द्यावे आणि पुढे जावे. जो फार गोड बोलून आपल्या मामाच्या अत्तराच्या दुकानात नेऊ पाहील, त्याला मात्र हसून नमस्कार करावा.

किमतीच्या पाट्या वाचायला आधी अंक शिका. दहा मिनिटांचे काम आहे. आणि यात एक मौज आहे. अरब लोक या अंकांना हिंदी अंक म्हणतात, कारण अंकांची ही विद्या त्यांच्याकडे हिंदुस्थानातून गेली. दगडावर कोरलेल्या आपल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी कित्येक नाणेघाटाच्या त्या लेण्यात आहेत. तेव्हा शून्य नव्हते. दहाला वेगळी खूण, वीसला वेगळी, शंभराला वेगळी. पण दोन हजार वर्षांत अंकांची रूपे पालटली, आणि आता घोटाळा असा होतो : त्यांचा पाच हा आपल्या शून्यासारखा वाटोळा असतो, आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. पाटीवर ठिपका न दिसल्यामुळे पन्नासाची वस्तू पाचाची समजणारे प्रवासी मी पाहिले आहेत. दुकानदारही ते रोज पाहतो.

भाषेची मात्र भीती नको. आपण रोज बोलतो त्यांतले कितीतरी शब्द तेथले आहेत. दुकानाला दुकान, साबणाला साबून, खुर्चीला कुर्सी. खाणावळीत जेवण झाल्यावर नुसते 'हिसाब' म्हटले की बिल येते. सर्वांत गंमत 'ऐश' या शब्दाची. आपल्याकडे ऐश करणे म्हणजे चैन करणे. इजिप्तमध्ये ऐश म्हणजे रोजची भाकरी. मूळ अरबी शब्दाचा अर्थ जगणे. आपण तो चैनीला लावला, त्यांनी भाकरीला. मला त्यांचा अर्थ अधिक पटतो.

जेवणाची चिंता माळकरी मंडळींना फार असते. त्यांनी निर्धास्त जावे. तेथल्या गरिबांचे अन्नच मुळी शाकाहारी आहे. फूल म्हणजे बाकल्याचे दाणे रात्रभर मंद आचेवर शिजवून केलेली उसळ. आपल्या वालाच्या बिरड्याची लांबची बहीण म्हणा. त्याच दाण्यांचे तळलेले वडे म्हणजे तामिया. आणि कुशरी नावाचा एक प्रकार आहे, भात, मसूर, शेवया, हरभरे आणि वर खरपूस तळलेला कांदा. पुष्कळांच्या मते ती आपल्या खिचडीच्याच घराण्यातली. मात्र साध्या भातात आणि भाजीत मांसाचा रस्सा घालण्याची तेथे पद्धत आहे, म्हणून 'मिन घेर लहमा', मांसावाचून, असे स्वच्छ सांगावे. सांगून झाल्यावर कोंबडीविषयी वेगळे विचारावे. काहींच्या मते कोंबडी हे मांस नव्हे! मासळी खाणाऱ्यांना सांगायला नको. वास त्यांना घेऊन जाईल.

महिना कोणता? ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टात सारे कैरो समुद्रावर येऊन पडते, जागा मिळत नाही. वसंतात कधी कधी वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटतो. आणि पाऊस पडतो तो हिवाळ्यात. आपल्या माणसाला हे विचित्र वाटते. डिसेंबर-जानेवारीत तेथे वादळे येतात, लाटा रस्त्यावर उडतात, तेव्हा लोकरीचे कपडे न्यावेत. रमजानच्या महिन्यात दिवसा खाणावळी पुष्कळशा बंद असतात, पण संध्याकाळनंतरचे शहर पाहण्याजोगे असते. शुक्रवारी दुपारपर्यंत कामकाज धरू नये.

समुद्राविषयी एक गोष्ट. कोकण किनाऱ्याचा माणूस तेथे पहिल्या दिवशी भरती-ओहोटीची वाट पाहत बसतो. भूमध्य समुद्राला ती जवळजवळ नाहीच. पाणी हात-अर्धा हात वरखाली होते, इतकेच. म्हणून तेथे खाजण नाही, पुळणीवर ओल्या वाळूचा रुंद पट्टा नाही. समुद्र बांधलेल्या धक्क्याला टेकून दिवसभर तेथेच असतो. त्याचा सौम्यपणा पाहून पाण्यात मात्र शिरू नये. वारा असेल त्या दिवशी आतली ओढ जबरदस्त असते आणि दरवर्षी माणसे बुडतात. निशाण पाहावे, स्थानिक लोक कोठे उतरतात ते पाहावे. समुद्रालगतचा कॉर्निश हा रस्ता मुंबईच्या मरीन ड्राइव्हच्या कित्येक पट लांब आहे. सकाळी पश्चिमेच्या टोकापासून पायी निघावे आणि पाय दुखतील तेथे टॅक्सी करावी.

त्या पश्चिम टोकाला कैतबे सुलतानाने १४७७ साली बांधलेला किल्ला आहे. त्याच जागी जगातल्या आश्चर्यांत गणलेले दीपगृह होते. ते धरणीकंपांनी पडले. प्राचीन प्रवाशाला हे दीपगृह दिसले म्हणजे घर आले असे वाटे. आज किल्ल्याच्या तटावरून आपण उलट बाहेर पाहतो. वास्तविक या शहराचे दुर्दैवच असे की, ज्यासाठी ते प्रसिद्ध आहे त्यांतले जवळजवळ काहीच उरलेले नाही. दीपगृह नाही, जुने ग्रंथालय नाही, शिकंदराची समाधी कोणाला सापडलेली नाही. पाँपेचा म्हणून जो लाल दगडाचा २७ मीटर उंच खांब दाखवतात, तो पाँपेचा नसून डायोक्लेशन बादशहाचा आहे. नवे ग्रंथालय २००२ साली उघडले. त्याच्या बाहेरच्या भिंतीवर जगातल्या अनेक लिपींची अक्षरे कोरली आहेत, ती भिंत फिरून पाहावी. आत वाचनाच्या दालनात तासभर बसावे, फोटो काढण्याची घाई करू नये. फोटोवरून आठवले : बंदर, नौदलाची ठाणी, पोलीस, यांचे फोटो काढण्याच्या भानगडीत पडू नये.

कोम-अल-शोकाफाची भुयारी दफनभूमी १९०० साली एक गाढव खड्ड्यात पडल्यामुळे उजेडात आली. जिना गोल व खोल आहे. गुडघेदुखी असेल त्यांनी वरच बसावे. खाली गेलात तर एक मजेदार मूर्ती दिसेल : इजिप्तचा कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस, आणि अंगात रोमन शिपायाचा पोशाख! ज्याचे राज्य त्याचे कपडे देवालाही चढतात.

परंतु मला विचाराल तर, तुम्ही व्याख्यानाला बसणारी माणसे आहात म्हणून, कोम-अल-दिक्का चुकवू नका. तेथे पोलिश संशोधकांना वीसेक व्याख्यानगृहे सापडली आहेत, पाचव्या ते सातव्या शतकातली. नालाच्या आकाराची दगडी बाके, पायरीपायरीने चढवलेली, आणि मधोमध वक्त्याचे उंच आसन. एका ओळीत इतकी व्याख्यानगृहे! आणि श्रोते कोण असत? त्याच्याही आधी, डिओ नावाच्या वक्त्याने अलेक्झांड्रियाच्या लोकांपुढे एक भाषण केले. तुम्हाला घोडशर्यती आणि तंतुवाद्य यांपलीकडे काही सुचत नाही, असे त्याने त्यांना तोंडावर सुनावले. त्या भाषणात तो म्हणतो की, तुमच्या प्रेक्षागृहात काही थोडे हिंदी लोकही बसलेले मला दिसतात. ते कोण होते, कोणत्या बंदरातून आले होते, त्याने लिहिले नाही. पण वक्ता यजमानांना झाडत असताना परक्या गावी गप्प बसून ऐकणारे ते आपले लोक मला तेथे राहून राहून डोळ्यांपुढे दिसत होते.

पूर्वेकडे गेलात तर अबुकीरचा उपसागर, जेथे १७९८ साली नेल्सनने फ्रेंच आरमार बुडवले; आणि त्यापुढे सुमारे ६५ किलोमीटरवर रशीद, म्हणजेच रोझेटा. १७९९ साली तेथे सापडलेला शिलालेख लंडनला आहे, तेव्हा तो पाहण्यासाठी रशीदला जाऊ नये. विटांच्या नक्षीची जुनी घरे पाहायला जावे. त्या दगडावरच्या ग्रीक मजकुराच्या आधारे शांपोलियनने १८२२ साली इजिप्तची चित्रलिपी वाचली. पंधरा वर्षांनी जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी वाचली. त्या कामातही एका बाजूला ग्रीक व दुसऱ्या बाजूला आपली लिपी असलेल्या नाण्यांनी हातभार लावला. ती किल्ली सापडली नसती तर आपल्या नाणेघाटाची भिंत आजही मुकीच असती. याच रोझेटाला १८०१ साली मुंबईच्या फौजेतले देशी शिपाई पोचले होते. तांबड्या समुद्रावर उतरून, वाळवंट तुडवून, नाईलने खाली. जुन्या व्यापाऱ्यांची वाट त्यांनी उलट्या दिशेने चालली, डोक्यावर मिरीच्या गोणीऐवजी खांद्यावर बंदूक.

आणि आता पश्चिमेकडे. येथे मला थोडे सावकाश बोलायचे आहे.

अलेक्झांड्रियापासून सुमारे १०० किलोमीटरवर अल-अलामीन आहे. १९४२ साली तेथे जर्मन-इटालियन फौजा अडवल्या गेल्या व मागे रेटल्या गेल्या, हे शाळेत वाचलेले असते. शाळेत जे वाचलेले नसते ते असे की, रुवैसात टेकाडावर त्या जुलैपासून हिंदी पलटणी होत्या. आणि त्याच्याआधी, २१ जून १९४२ रोजी, पश्चिमेस लिबियात तोब्रुक पडले तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण त्या कोटात होती. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, पुणे या जिल्ह्यांतली घाटमाथ्याची आणि कोकणची मुले. कित्येक कैद होऊन इटलीत गेली. कित्येक परत आली नाहीत.

अलामीनच्या स्मशानभूमीत शिरताना जी कमानींची लांब ओसरी लागते, तेच स्मारक आहे. इजिप्त व लिबियात पडलेल्या आणि ज्यांचे ठिकाण कळले नाही अशा साडेआठ हजार सैनिकांची नावे तिच्या भिंतींवर आहेत. वैमानिकांची तीन हजार वेगळी. आणि तेथेच आणखी एक स्मारक आहे, ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला त्यांचे. सहाशेवर नावे आहेत. वाळवंटात, जेथे सरपणाला एक काटकी मिळत नाही, तेथे कोणीतरी त्यांच्यासाठी लाकूड जमवले होते.

लिबियात आज सहलीसाठी जाता येण्यासारखी परिस्थिती नाही. अलामीनला मात्र सहज जाता येते. अलेक्झांड्रियाहून मोटार दिवसभरासाठी ठरवावी. बायकांच्या-मुलांच्या सोयीसाठी पाणी व खाण्याचे बरोबर घ्यावे, डोक्याला टोपी हवी. एक नियम काटेकोर पाळावा : रस्ता आणि आखलेली आवारे सोडून वाळूत पाऊल टाकू नये. त्या युद्धात पेरलेले सुरुंग अजून सगळे निघालेले नाहीत. तेथल्या धनगरांची माणसे आणि जनावरे त्यांत गेलेली आहेत. मूल चेंडूमागे धावले तरी त्याला पकडावे.

आणि जाण्याच्या आधी एक काम घरी बसून करावे. ज्यांच्या घरी, सासरी, आजोळी, "आमचा एक चुलत आजोबा लढाईत गेला तो आलाच नाही," असे कोणी म्हणत असेल, त्यांनी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्यांत ते नाव शोधावे. त्या आता संगणकावर सर्वांना खुल्या आहेत. नाव, हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, आणि पुष्कळ वेळा बापाचे नाव व गावही असते. शोधताना नाव एकाच पद्धतीने लिहून थांबू नये. साहेबाच्या कारकुनाने कानाला आले तसे लिहिले आहे : शिंदेचे सिंदे होते, आडनाव कित्येकांचे मुळीच नसते, जिल्हा 'ठाणा', 'पूना' अशा जुन्या धाटणीने असतो. चार तऱ्हांनी लिहून पाहावे. नाव सापडले तर स्मारकावरच्या फळीचा क्रमांकही त्याच नोंदीत मिळतो. तो कागदावर उतरून घ्यावा, कारण भिंतीवर नावे पलटणीनुसार आणि हुद्द्यानुसार लावली आहेत, आणि उन्हात साडेआठ हजार नावांत एक नाव शोधणे होत नाही. पांढऱ्या दगडावरची अक्षरे दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. सकाळी पोचावे. फुले न्यायची असतील तर अलेक्झांड्रियातूनच घेऊन निघावे, आणि मोटारवाल्याला परतीची वेळ आधी सांगून ठेवावी, म्हणजे तो भोंगा वाजवून घाई करणार नाही.